रशियात बॅले बघायचाय: स्वान लेक की ला बायादेर, आणि कुणाचं नाव बघून तिकीट काढू?

गोदाकाठची

मंडळी, मदत हवीय. मुलगा सेंट पीटर्सबर्गला मेडिकलला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय, आणि एवढ्या लांब जातोय तर बॅले बघितल्याशिवाय परत यायचं नाही असं मी घरात जाहीर करून टाकलंय. ह्यांना काही फरक पडत नाही. मुलगा म्हणतो, आई तिथे तीन तास कोणी एक अक्षर बोलत नाही, बाबा पहिल्या अंकातच घोरायला लागतील. घोरू देत.

अडचण अशी की आमच्या तारखांमध्ये मारिन्स्की थिएटरला स्वान लेक पण आहे आणि ला बायादेर पण, आणि तिकिटांचे आकडे बघता एकच काहीतरी जमेल. मला माहितीचं म्हणजे स्वान लेक, तेही लहानपणी घरी सोव्हिएत मासिकं यायची त्यातल्या फोटोंवरून. बायादेरची गोष्ट भारतातली आहे म्हणे, देवळातल्या नर्तकीची, म्हणून उत्सुकता वाटतेय. शिवाय एकाच बॅलेत दर दिवशी नायिका वेगळी असते असं कळलं, तर सध्या सगळ्यात भारी कोण, कुणाचं नाव बघून तारीख ठरवायची? आणि आम्ही नाटकाला कायम पहिल्या तीन रांगांत बसणारी माणसं, तिथेही तसंच काढू ना? काय नेसायचं हा प्रश्न वेगळा, तो नंतर विचारते.

रविवारचा_पेपर

डोळे झाकून स्वान लेक. संगीत चायकोव्स्कीचं, ओळखीचं, गोष्ट सोपी, राजपुत्र हंस झालेल्या मुलीच्या प्रेमात पडतो, जादूगार स्वतःच्या मुलीला तिच्यासारखं नटवून फसवतो, झालं. बायादेरचं संगीत मिंकुसचं, ऐकताना गोड लागतं पण बाहेर पडलात की एक सूर आठवणार नाही. चायकोव्स्की तो चायकोव्स्की. पहिल्याच वेळी उगाच प्रयोग कशाला.

विंगेतून

संगीताबद्दल वरच्यांशी सहमत, निष्कर्षाशी नाही. मी म्हणेन बायादेर बघा, आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण इथे बॅलेचा धागा वर्षातून एखादा निघतो.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच वर्षातले, १८७७. बायादेर पीटर्सबर्गचं, स्वान लेक मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरचं. पीटर्सबर्गवालं पहिल्यापासून चाललं, मॉस्कोवाल्यावर नाकं मुरडली गेली, आणि आज जगभर जे स्वान लेक बघतात ते मुळात १८९५ मध्ये मारिन्स्कीत नव्याने बसवलेलं, तोवर चायकोव्स्की बिचारा जाऊन वर्ष उलटलं होतं. बसवलं मारियुस पेतिपा आणि लेव इवानोव यांनी. राजवाड्यातला झगमगाट पेतिपाचा, तळ्याकाठचे हंसांचे अंक इवानोवचे. नाव पेतिपाचं झालं, पण लोक ज्यासाठी तिकीट काढतात ते पांढरे अंक इवानोवचे आहेत हे कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात असतं.

बायादेर मात्र मुळात सगळं पेतिपाचं. निकिया देवळातली नर्तकी, सोलोर योद्धा, दोघांचं प्रेम, राजा आपली मुलगी गमझात्ती सोलोरला देऊ करतो, हा पठ्ठ्या नाही म्हणत नाही, साखरपुड्याला निकियाला नाचावं लागतं, फुलांच्या परडीतून साप निघतो आणि ती मरते. इथपर्यंत नुसता मेलोड्रामा, भरजरी कपडे, चाकांवरचा हत्ती, पेंढा भरलेला वाघ. हे दोन अंक मजेत बघा, काही कळायचं राहिलं असं वाटून घेऊ नका.

मग तिसरा अंक. सोलोर अफू ओढून पडतो आणि त्याला मेलेल्या निकियाच्या सावल्या दिसायला लागतात. रंगमंचाच्या मागच्या बाजूला एक उतरण असते, तिच्यावर एक मुलगी येते, पांढरा झगा, डोक्यापासून हातांपर्यंत झिरझिरीत कापड. एक गुडघा वाकवून पुढे झुकते, दुसरा पाय मागे सरळ उचललेला, मग उभी राहून पाठ मागे कलती करते, हात डोक्यावर, दोन पावलं पुढे, आणि पुन्हा तेच. ती जरा खाली सरकली की वर दुसरी उगवते. मग तिसरी. मारिन्स्कीत अशा ३२ येतात, नागमोडी रांगेने, एकीचा पाय वर तेव्हा सगळ्यांचे पाय वर, सगळ्यांची उंची एक, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. पहिली आली ती शेवटची उतरेपर्यंत तीच एक हालचाल तीसहून जास्त वेळा करते, उतारावर, एका पायावर, आणि गुडघा थरथरला तर लपायला काही नाही, उडी नाही, गिरकी नाही, मागे सेटही धड नाही. लंडनच्या रॉयल बॅलेत २४ जणींवर भागवतात. मी इतकं साधं आणि इतकं अवघड दुसरं काही स्टेजवर बघितलेलं नाही.

म्हणून ‘सगळ्यात भारी कोण’ या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्या ३२ जणी. नायिका म्हणाल तर चांगल्या आज न्यूयॉर्कला, पॅरिसला, लंडनलाही मिळतात. अशी रांग पीटर्सबर्गला, कारण त्यातल्या बहुतेक एकाच शाळेतून आलेल्या, वागानोवा अकादमीतून. शाळा १७३८ ची. साधारण दहाव्या वर्षी पोरं घेतात, आठ वर्षं घासतात, प्रवेशाच्या वेळी पाठीचा कणा, पायाची कमान, कंबरेतून पाय किती उघडतो, सगळं तपासून. अग्रिपिना वागानोवा स्वतः मारिन्स्कीत नाचायची, पण तिला खरी ओळख मिळाली शिकवण्यातून, १९३४ मध्ये तिने आपली पद्धत पुस्तकात मांडली आणि तेव्हापासून हात कुठे, नजर कुठे, श्वास कुठे हे सगळ्यांचं एकसारखं. शाळा मारिन्स्कीपासून फार लांब नाही, झोदचेगो रोस्सी नावाच्या रस्त्यावर आहे. २२० मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि इमारतींची उंचीही २२ मीटर असा मापून काढलेला रस्ता, संध्याकाळी एक चक्कर मारून या, डोक्याला घट्ट अंबाडा घातलेल्या मुली पिशव्या घेऊन जाताना दिसतील.

आणि आता महत्त्वाचं. पहिल्या तीन रांगा अजिबात काढू नका. नाटकात नटाचा चेहरा बघायचा असतो म्हणून आपण पुढे बसतो. इथे पुढे बसलात तर पहिली ओळ दिसेल आणि मागच्या सगळ्या तिच्या आड. वरच्या मजल्यावर, शक्यतो मधोमध, तिथून रांगांची नक्षी उलगडते. बाजूच्या बॉक्समध्ये स्वस्त मिळतात पण अर्धा स्टेज कापला जातो, ते नको.

ततकार

@विंगेतून छान लिहिलंय, पण ताईंना एक गोष्ट आधीच सांगा की त्या बायादेरमधल्या भारताशी आपला काही संबंध नाही. राजा गोवळकोंड्याचा म्हणे, आणि देवळात अग्नीभोवती फकीर उड्या मारतायत. गोवळकोंड्याला कुतुबशाही होती हो. हात जोडून डोक्यावर नेले की झाली भारतीय मुद्रा. मी कथक शिकवते, मुलींना व्हिडिओ दाखवला तर हसून हसून लोळल्या. आणि ते तोंडं काळी रंगवणं! २०१९ मध्ये मिस्टी कोपलंड या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बॅले नर्तकीने बोल्शॉयच्या मुलींचा तसा फोटो टाकून जाब विचारला होता, तर बोल्शॉयने आमचं असंच चालत आलंय आणि असंच चालणार म्हणून हात झटकले. सावल्यांचा अंक थोर असेल, पण त्यासाठी आधीचे दोन अंक हे सगळं गिळायचं?

अजून एक, स्वान लेकमधल्या त्या ३२ फुएत्तेंचं, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्यांचं, एवढं कौतुक का असतं? आमच्याकडे सलग शंभराच्या वर चक्कर घेणारे आहेत, त्याला कोणी तीन हजार रुपये तिकीट लावत नाही. (हे अर्धं गमतीत.)

विंगेतून

@ततकार गोवळकोंड्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पेतिपा मार्सेचा फ्रेंच माणूस, १८४७ मध्ये रशियात आला तो तिथलाच झाला, पण भारतात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. पॅरिसच्या स्टेजवर जो पूर्वेकडचा देश चालायचा तोच त्याने पीटर्सबर्गला नेला. त्यात भारत शोधायला जाऊच नका, तिसऱ्या अंकात तो आपोआप गळून पडतो आणि नुसता नाच उरतो. तोंडं रंगवण्याचं समर्थन मीही करणार नाही.

फुएत्तेंचं सांगतो. चक्करमध्ये तुमची टाच जमिनीला धरून असते, तोल तिथून मिळतो. इथे नाचणारी बोटांच्या टोकावर चढते, एक गिरकी झाली की टाच टेकवून गुडघा वाकवते, त्याच क्षणी दुसरा पाय समोरून बाजूला फटकारते आणि त्या झटक्यावर पुन्हा वर. म्हणजे दर गिरकीला खाली-वर, ३२ वेळा, आणि हे सगळं राजवाड्यातल्या अंकात, आधी बरंच नाचून झाल्यावर. जागेवरच राहिली तर खरी, नाहीतर पुढे पुढे सरकत येते, त्यात रशियातल्या जुन्या स्टेजना प्रेक्षकांच्या बाजूला उतार. पीटर्सबर्गला हे आणलं पिएरिना लेन्यानी या इटालियन बाईने, आधी १८९३ मध्ये सिंड्रेलात आणि मग १८९५ च्या स्वान लेकमध्ये. रशियन मुलींना जमेना, मातिल्दा क्शेसिन्स्काया जिद्दीने शिकली, तीच जिचं झार व्हायच्या आधी निकोलसशी प्रकरण होतं. तिचा बंगला पीटर्सबर्गला अजून आहे, १९१७ मध्ये बोल्शेविकांनी ताब्यात घेतला आणि लेनिनने त्याच्या बाल्कनीतून भाषणं ठोकली, आता म्युझियम आहे. @गोदाकाठची जमलं तर बघा.

पण आकड्यात फार अडकू नये. माया प्लिसेत्स्काया, बोल्शॉयची विसाव्या शतकातली सगळ्यात मोठी हंसी, ती हे ३२ घ्यायचीच नाही, त्याजागी स्टेजभर गोल गिरक्यांचा फेरा मारायची, आणि लोक तिच्यासाठी वेडे होते ते तिच्या हातांसाठी. खांद्यापासून बोटांपर्यंत हाडच नसावं असे हात. वडिलांना १९३८ मध्ये स्टालिनच्या काळात गोळी घातलेली, आई छावणीत राहून आलेली, आणि ही देशाची शान म्हणून परदेशी पाहुण्यांसमोर नाचायची. तिचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर मिळतं, जायच्या आधी नक्की बघा.

बायादेरचा भारताशी खरा धागा एकच आहे आणि तो पेतिपाच्या डोक्यात नव्हता. १९०२ मध्ये मारिन्स्कीत आना पावलोवाने निकिया केली, तिथून ती वर आली. वीस वर्षांनी, १९२२ च्या शेवटाला, ती स्वतःची कंपनी घेऊन खऱ्या भारतात आली. इथे तिने नाच शोधला, आणि त्या काळात ‘घरंदाज’ लोकांनी नाच हा शब्दच टाकलेला. मग १९२३ मध्ये लंडनला तिने अजिंठ्याच्या चित्रांवर बॅले केला, आणि उदयशंकर, जो तेव्हा तिकडे चित्रकला शिकत होता, त्याच्याकडून राधा-कृष्ण बसवून घेतलं आणि त्याच्याबरोबर स्वतः राधा नाचली. आपल्याकडची लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, तिलाही पावलोवाने उत्तेजन दिलं. मेनकाने पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली आणि कथक घेऊन युरोप पालथा घातला. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पावलोवाला पाहिलं ते १९२८ मध्ये मुंबईत. तेव्हा खोट्या निकियाचं पुढे थोडंफार बरं झालं म्हणायचं.

ततकार

मेनकाबाईंचं माहीत होतं, पावलोवा निकिया होती हे नव्हतं. ठीक आहे, तिसऱ्या अंकापुरतं माफ.

नेवाकाठचा_डॉक्टर

काकू नमस्कार, मीपण इथेच शिकतो, मूळचा लातूरचा. थिअरी वरच्या लोकांनी सांगितली मी प्रॅक्टिकल सांगतो. भारतातलं व्हिसा मास्टरकार्ड इथे २०२२ पासून चालत नाही त्यामुळे तिकडून बुकिंगच्या भानगडीत पडू नका, तुमच्या मुलाकडे इथलं कार्ड असेल त्याला काढायला सांगा, थेट थिएटरच्या साइटवरून, मधल्या एजंटकडून नको. तिकीट काढताना बघा जुनी बिल्डिंग आहे की नवी, नवी २०१३ ची आहे, तिथे सगळीकडून छान दिसतं पण तुम्हाला ते निळं-सोनेरी वालं जुनं थिएटर हवं असणार, फोटोतलं.

आणि एक सावधगिरी, उन्हाळ्यात इथे टुरिस्टांसाठी गावभर स्वान लेक चालू असतं, छोट्या छोट्या कंपन्या, मोठमोठी पोस्टरं. माझ्या रूममेटचे आईबाबा तसल्या एकाला गेले, हंस मोजून बारा आणि संगीत टेपवरचं. मारिन्स्की किंवा मिखाइलोव्स्की या दोन नावांशिवाय पैसे टाकू नका.

आत गेल्यावर कोट, मोठी बॅग सगळं खाली गार्देरोबमध्ये जमा करायचं, कंपल्सरी आहे, वाद घालायचा नाही, तिथल्या आज्ज्या खूप कडक असतात. तिथेच दुर्बीण भाड्याने मिळते ती घ्याच, एकतर वरून चेहरे दिसतात आणि दुसरं म्हणजे निघताना दुर्बीण परत देणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी कोटाच्या रांगेत पुढे सोडतात. इकडेही आपल्यासारखी तिसरी घंटा असते, ती झाली की दार बंद समजा. मध्यंतरात लोक कॅन्टीनमध्ये शॅम्पेन आणि लाल कॅव्हियार लावलेला पाव खातात, महाग आहे, पोट भरून जा. फोन काढला की कोणीतरी येऊन ओरडतं.

टाळ्यांचं पण सांगतो, आपण नाटक संपल्यावर वाजवतो, इथे नाचाचा एक तुकडा संपला की नाचणारी थांबते, पुढे येते, वाकून नमस्कार करते, कधी दोनदा, मेलेली निकियासुद्धा. तेव्हा बिनधास्त वाजवा.

गोदाकाठची

किती छान माहिती, मनापासून आभार. वरच्या मजल्याचं ह्यांना पटलंय कारण ते स्वस्त आहे. पण तरी नायिकांची दोन-तीन नावं द्या ना, मुलाला सांगायला. आणि नुरेयेव, बारिश्निकोव ही नर्तकांची नावं ऐकलीत ती ह्याच थिएटरची का? स्वान लेकचा शेवट गोड असतो की रडका हेही सांगून टाका, मन अजून डळमळतंय.

विंगेतून

ह्याच थिएटरची, तेव्हा त्याला किरोव म्हणायचे. नुरेयेव १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर पळाला, मॉस्कोला परत पाठवतायत म्हटल्यावर सरळ फ्रेंच पोलिसांच्या स्वाधीन झाला. १९७० मध्ये नतालिया माकारोवा लंडनला राहिली, १९७४ मध्ये बारिश्निकोव टोरंटोत. तिघंही वागानोवाचे. आणि त्यातले नुरेयेव आणि माकारोवा जाताना बायादेर डोक्यातून घेऊन गेले, पश्चिमेकडे ते रुजलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. माकारोवाने १९८० मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण बसवलं, नुरेयेवने १९९२ मध्ये पॅरिसला, तो एड्सने इतका खंगला होता की पडदा पडल्यावर त्याला धरून स्टेजवर आणावं लागलं. तीनच महिन्यांत गेला. त्याचं शेवटचं काम बायादेर हे मला काही योगायोग वाटत नाही.

सध्याच्यात विक्टोरिया तेरेश्किना दिसली तर घ्या, पोलादी तंत्र. येकातेरिना कोंदाउरोवा उंच, लालसर केसांची, गमझात्तीच्या ठसक्याला तोड नाही. आणि किमिन किम, कोरियन मुलगा, २०१५ पासून तिथला प्रिन्सिपल, म्हणजे पहिल्या फळीचा नर्तक, सोलोरसाठी त्याला २०१६ चा बेनुआ हा बॅलेतला मोठा पुरस्कार मिळालाय. त्याची उडी बघून तुमचे अहो जागे राहतील याची हमी. मात्र कास्ट उशिरा लावतात आणि ऐनवेळी बदलतातही, तेव्हा तारीख अडवून बसू नका.

स्वान लेक मारिन्स्कीत गोड संपतं. १९५० पासून तिथे कोन्स्तान्तिन सेर्गेयेवची आवृत्ती चालते, राजपुत्र जादूगाराचा पंख उपटतो आणि सगळं ठीक. संगीत तिकडे जीव तोडून आक्रोश करतंय आणि स्टेजवर उजाडतंय, मला ते कधीच पटलं नाही. मॉस्कोला ग्रिगोरोविचच्या आताच्या आवृत्तीत दुःखान्त आहे.

स्पष्टच_बोलतो

सगळं ठीक पण युद्ध चालू असताना तिथे जाऊन टाळ्या वाजवायच्या का, हा विचार कोणी करणार आहे की नाही? ओल्गा स्मिर्नोवा, बोल्शॉयची आघाडीची नायिका, २०२२ मध्ये युद्धाचा निषेध करून ॲमस्टरडॅमला निघून गेली. रशियात बॅले आणि सरकार कधी वेगळं होतं? ब्रेझनेव गेला तेव्हा टीव्हीवर बॅले, ऑगस्ट १९९१ च्या बंडात रणगाडे रस्त्यावर आले तर टीव्हीवर दिवसभर स्वान लेक. लोक अजून म्हणतात, टीव्हीवर हंस दिसले की समजायचं काहीतरी झालंय.

विंगेतून

@स्पष्टच_बोलतो तुमचा मुद्दा खोटा नाही आणि स्मिर्नोवाबद्दल आदरच आहे. पण गोदाकाठची ताई आपल्या मुलाला भेटायला चालल्यात, बॅलेसाठी नाही. आणि त्या रांगेतल्या ३२ पोरींना ॲमस्टरडॅमहून बोलावणं येत नसतं.

रविवारचा_पेपर

मी अजूनही स्वान लेकवरच आहे. चार छोट्या हंसांचा नाच, एकमेकींचे हात फुलीसारखे धरून, माना एकदम वळतात, तेवढ्यासाठी मी तिकीट काढेन. गोड शेवट तर गोड शेवट, सुट्टीवर आलेल्या माणसाला काय वाईट.

गोदाकाठची

ठरलं, बायादेर, वरचा मजला, मधोमध. मुलाने आत्ताच काढली, तीन तिकिटं, शेवटी तोही येतो म्हणाला. आता सांगा, पैठणी नेसले तर चालेल का? की लोक मला स्टेजवरची समजतील?

नेवाकाठचा_डॉक्टर

काकू बिनधास्त नेसा, इथे बायका थिएटरला नटूनच येतात, घरून साधे बूट घालून येतात आणि गार्देरोबपाशी पिशवीतून चांगले काढून बदलतात. फक्त वरच्या मजल्यावर जिने बरेच आहेत तेव्हा निऱ्या सांभाळा. आणि येताना थोडं मेतकूट आणलंत तर मी दुर्बिणीचे पैसे देतो.